सामाईक भिंतीवरचा ठिपका

१

दर रविवारी सकाळी सात वाजता आकाराम चौगुले भिंतीचा फोटो काढायचा. भिंत पुढच्या खोलीतली, पांढरी, कोरी. तिच्यावर कॅलेंडर नव्हतं, देवाची तसबीर नव्हती, साधा खिळासुद्धा नव्हता. लोक रंकाळ्यावर जाऊन सूर्यास्त काढतात, पन्हाळ्यावर जाऊन बुरूज काढतात आणि आमचा गडी घरात बसून चुना काढतो, असं त्याची बायको बाळाबाई शेजारणींना सांगायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

आकारामला त्याचं काही वाटत नसे. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात त्यानं एकतीस वर्षं इन्स्पेक्शन केलं होतं. लेथवरून आलेला नग मापायचा, बरोबर असला तर पुढं, नसला तर लाल रंग लावून बाजूला. रिटायर झाल्यावर लेकीनं, राजनंदिनीनं, आपला जुना डीएसएलआर कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवला. पहिल्याच आठवड्यात हा पन्हाळ्यावर गेला, भणाणत्या वाऱ्यात लेन्स बदलली आणि घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत आभाळाला काळे ठिपके.

कॅमेऱ्याच्या आत धूळ गेली तर दुसऱ्या गावचा माणूस दुकानात जातो. उद्यमनगरचा माणूस कॉम्प्रेसरकडं जातो. तिथं पायातल्या चपलेपासून इंजिनापर्यंत सगळं कॉम्प्रेसरच्या हवेनं साफ होतं, मग कॅमेऱ्यानं काय घोडं मारलंय? आकारामनं जुन्या कारखान्यात जाऊन हवेची नळी थेट कॅमेऱ्याच्या तोंडात धरली. हवेबरोबर तेल आलं, पाणी आलं आणि होते त्याच्या दसपट ठिपके झाले. राजारामपुरीतल्या ऋतुराज नावाच्या दुरुस्तीवाल्यानं आधी कपाळाला हात लावला, मग सेन्सर, म्हणजे आतली ती फोटो टिपणारी काच, पुसून दिली आणि शिस्त शिकवली. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली धरायचं. आत बोट घालायचं नाही, तोंडानं फुंकायचं नाही, रबरी फुग्यानंच हवा मारायची. आणि आठवड्यातून एकदा चाचणी घ्यायची: ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक करून सोळावर, फोकस मुद्दाम बिघडवलेला, समोर पांढरी भिंत. फोकस बिघडला की भिंतीवरचं काही दिसत नाही. त्यातूनही जे दिसेल ते कॅमेऱ्याच्या आतलं समजायचं.

चाचणी म्हटल्यावर आकारामचा चेहराच उजळला. माणसांचे फोटो काढायचे त्याला जमत नव्हते, पण चाचणी जमत होती.

ती भिंत सामाईक होती. पलीकडं फक्रुद्दीन मुजावर राहायचा. दोघं एकाच कारखान्यात, हा मापणारा, तो लेथ चालवणारा. घरं दोघांनी मिळून बांधली, मधली भिंत एकच घातली, विटा वाचवल्या. आणि गेली सहा वर्षं त्यांचं बोलणं बंद होतं. झालं होतं ते असं. फक्रुद्दीननं केलेले दोनशेचाळीस बुश, म्हणजे आरपार भोक असलेले गोल नग, आकारामनं एका सकाळी रिजेक्ट केले, मालकांच्या देखत, लाल रंग लावून. भोक मोठं झालंय म्हणाला. फक्रुद्दीननं हात पुसले आणि काम सोडलं. महिनाभरानं भोक मापायचं गेज तपासायला गेलं, तेव्हा कळलं की त्याचंच टोक झिजलं होतं. जे टोक चांगल्या भोकात जायला नको, ते बारीक होऊन आत जात होतं. बुश बरोबर होते. आकारामनं गुपचूप नवं गेज मागवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. आधी शरमेनं, मग उशीर झाला म्हणून, मग फारच उशीर झाला म्हणून. पलीकडं कानशीचा आवाज सुरू झाला की ते न बोललेलं वाक्य त्याच्या तोंडाशी येऊन परत जायचं. ते बोलल्याशिवाय आपण मरू नये, एवढीच त्याची इच्छा होती आणि तेवढंच त्याला जमत नव्हतं.

२

दिवाळीनंतरच्या एका रविवारी चाचणीत एक ठिपका दिसला.

तपासायला काहीतरी सापडलं म्हणून आकारामला बरंच वाटलं. त्यानं रबरी फुगा काढला, कॅमेऱ्याचं तोंड खाली केलं, सात-आठदा हवा मारली, पुन्हा फोटो काढला. ठिपका होता तिथंच. तासाभरानं पुन्हा केलं. तरी तिथंच. चिकट धूळ असेल, असं तो स्वतःशी म्हणाला आणि चहा घ्यायला उठला. उठताना स्टँडला गुडघा लागला, कॅमेरा वीतभर उजवीकडं वळला. आता वळलाच आहे तर एक काढावा म्हणून त्यानं बटण दाबलं.

फोटोत ठिपका डावीकडं सरकला होता.

कॅमेऱ्यातला ठिपका असा सरकत नाही. सेन्सरवरची धूळ सेन्सरवरच बसलेली असते. कॅमेरा कुठंही फिरवा, ती फोटोत एकाच जागी दिसते. हा ठिपका कॅमेऱ्याबरोबर फिरला नाही, भिंतीबरोबर राहिला. म्हणजे तो भिंतीवर होता. पण भिंतीवर असता, तर बिघडलेल्या फोकसमध्ये पुसट होऊन गेला असता. हा काळा, गोल, काठ धारदार. आकाराम उठून भिंतीपाशी गेला, चष्मा वर-खाली केला, तळहात फिरवला. चुना हाताला लागला, बाकी काही नाही.

त्यानं बाळाबाईला हाक मारली आणि भिंतीवर पेन्सिल धरायला लावली. हा फोटो काढायचा, बघायचा आणि सांगायचा.

"वर. आनि वर. जरा डावीकडं."

"अवं, हात मोडला माझा. हितं कायबी न्हाय."

"हाय."

"मला तर दिसंना."

"मलाबी दिसत न्हाय. ह्याला दिसतंय," आकाराम म्हणाला आणि कॅमेऱ्यावर हात ठेवला.

पेन्सिलीची खूण झाली तिथं त्यानं टेप लावली. जमिनीपासून सत्तावन्न इंच. उभ्या माणसानं भिंतीला हात टेकला, तर तळवा साधारण तिथं येतो. हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला तो आवडला नाही.

३

सोमवारी ठिपका बावन्न इंचांवर होता. मंगळवारी सत्तेचाळीस.

मंगळवारी दुपारी तो कॅमेरा घेऊन ऋतुराजच्या दुकानात गेला. ऋतुराजनं भिंग लावलं, दिवा लावला, बराच वेळ आत बघितलं. मग दुकानाच्या भिंतीचे दहा फोटो काढून मोठ्या पडद्यावर टाकले. दहाही फोटो धुतल्यासारखे स्वच्छ.

"काका, सेन्सर एक नंबर हाय. एवढा साफ माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्याचा न्हाय."

"मग माझ्या घरात ठिपका का येतोय?"

"कुठंय, दाखवा की."

आकारामनं घरातले फोटो उघडले. ऋतुराज पुढं वाकला. एक फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, मग लहान करून टाकला. दुसरा बघितला. हसत होता तो हसायचा थांबला.

"धूळ अशी नसत्या काका," तो म्हणाला. "धुळीचा काठ जरा इस्कटलेला असतोय. ह्यो दाबल्यागत दिसतोय. आतनं."

"आतनं म्हंजे? कॅमेऱ्याच्या?"

ऋतुराजनं पडदा बंद केला. कॅमेरा पुसून पिशवीत घातला आणि भिंत एकदा रंगवून घ्या, एवढं म्हणाला.

४

आकारामनं रोज सकाळी सातला फोटो काढला आणि रोज पेन्सिलीनं खूण करून शेजारी तारीख घातली. पोरांची उंची वाढते म्हणून आया भिंतीवर खुणा करतात, तशीच ती रांग दिसत होती. फक्त ती खाली चालली होती. बुधवार बेचाळीस, गुरुवार सदतीस, शुक्रवार बत्तीस. बरोबर पाच-पाच इंच. धूळ एवढी शिस्तीची नसते, ओल नसते, वाळवी तर नसतेच. त्याला हिशेबी वस्तू आवडायच्या, पण या हिशेबी वस्तूकडं त्याला फार वेळ बघवत नव्हतं.

शुक्रवारी बाळाबाई चहाचा कप घेऊन त्या खुणांपुढं उभी राहिली. बराच वेळ हसली नाही.

"अवं," ती म्हणाली, "ह्ये कुनीतरी खाली बसत चाललंय."

"खुळ्यागत बोलू नगंस."

"भिताडाला हात लावून. दमलेलं मानूस बसतंय तसं."

आकारामनं तिला गप्प केलं, पण कागद घेऊन आकडे मांडले. पाचाच्या चालीनं येत्या गुरुवारी दोन इंच. म्हणजे गुरुवारी ते जे काही होतं ते जमिनीला टेकणार. पुढं काय, हे आकड्यांत नव्हतं.

त्यानं भिंतीला कान लावला. पलीकडं फक्रुद्दीन होता. कानशीची खर्रखर्र, मधे खोकला, मग रेडिओचा खरखरता आवाज. बायको वारल्यापासून तो एकटाच होता, लोकांचे स्टोव्ह आणि मिक्सर घरी बसून दुरुस्त करायचा. त्याची मुलगी तमन्ना गारगोटीला शाळेत शिकवायची, महिन्या-दोन महिन्यांनी यायची. भिंतीपलीकडं सगळं ठीकठाक चाललं होतं. तरी आकारामला वाटलं, जाऊन विचारावं, तुझ्या बाजूनं भिंतीला काही झालंय का.

शनिवारी तो खरंच गेला. पायरीवर फक्रुद्दीनच्या चपला होत्या, त्यांच्या तळव्यांत लोखंडाचा बारीक कीस चमकत होता. आकारामनं कडीला हात घातला. आता दार उघडेल, तो समोर येईल आणि मग भिंतीचं बोलता येणार नाही. आधी ते दुसरं बोलावं लागेल. गेजचं. हात कडीवरच राहिला. आतला रेडिओ बंद झाला, पावलं दाराकडं येऊ लागली आणि एकसष्ट वर्षांचा आकाराम चौगुले चोरासारखा पळत आपल्या घरात शिरला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

५

बुधवारी सात इंच. त्या दिवशी दुपारनंतर कानशीचा आवाज आला नाही. आकारामच्या ते लक्षात आलं, पण सामान आणायला लक्ष्मीपुरीत गेला असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. एकतीस वर्षं दुसऱ्याचा नग घासून बघणारा माणूस स्वतःच्या समजुतीला मात्र गेज लावत नाही.

गुरुवारी सातच्या आधीच तो कॅमेऱ्यामागं बसला. गल्लीत दुधाच्या गाड्या येऊन गेल्या होत्या. ऊन अजून खिडकीत यायचं होतं. पलीकडं रोज या वेळी बादली वाजायची, नळ सुटायचा. आज काहीच नव्हतं. एवढ्या शांततेत त्याला आपल्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

त्यानं कॅमेरा खाली वाकवला, बटण दाबलं. ठिपका फरशीला टेकायला दोन इंच उरला होता. ॲपर्चर आणखी बारीक केलं की धूळ जास्त ठळक दिसते, असं ऋतुराजनं शिकवलं होतं. त्यानं आकडा बावीसवर नेला आणि पुन्हा बटण दाबलं.

या फोटोत एक ठिपका नव्हता. पाच होते. चार एका कमानीत, पाचवा जरा बाजूला, खाली. आकारामनं फोटो मोठा केला. मधल्या ठिपक्यात रेषा होत्या, बारीक, एकात एक वळलेल्या.

त्यानं पडदा विझवला.  डोक्यात एकच गोष्ट आली आणि ती भुताखेताची नव्हती. पूर्वी एकदा समोर ठेवलेली वस्तू बरोबर होती आणि आपण तिला चूक म्हणालो, कारण हातातल्या गेजवर आपला विश्वास होता. आता बारा दिवस आपण हातातल्या कॅमेऱ्याला चूक म्हणतोय.

"बाळे, ऊठ. रिक्षा बघ!" तो ओरडला आणि तसाच अनवाणी बाहेर धावला.

फक्रुद्दीनचं दार आतून लावलेलं होतं. हाका मारल्या, दार ठोठावलं, उत्तर नाही. आतली कडी कशी आहे हे आकारामला माहीत होतं. दोघांनी कारखान्यातच बनवली होती, दोन घरांच्या दोन. खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी त्यानं फटीत सरकवली आणि कडी वर उचलली. एवढं सोपं होतं ते.

फक्रुद्दीन मागच्या मोरीत पडला होता. एक पाय अंगाखाली वाकडा, ओठ निळे, अंग गार. आकाराम त्याच्या शेजारी ओल्या फरशीवर बसला आणि त्यानं त्याच्या नाकापुढं हात धरला. श्वास चालू होता.

"फकरू," तो म्हणाला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

६

खुब्याचं हाड मोडलं होतं. आणखी दोन-तीन तास गेले असते तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. तमन्ना गारगोटीहून आली, आकारामच्या हाताला धरून रडली, काका तुम्हाला कळलं कसं, असं सारखं विचारत राहिली. आवाज आला, असं आकारामनं सांगितलं. दुसरं काय सांगणार होता?

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी फक्रुद्दीन नीट बोलू लागला. खाटेशेजारी आकाराम बसला होता. तमन्ना औषधं आणायला गेली होती.

"बुधवारी दुपारी पडलो," फक्रुद्दीन म्हणाला. "सुद हुती, पर आवाज फुटंना."

"हात लावलातास का भिंतीला? मधल्या?"

"कशानं? मोरीत पडलोतो मी. मधली भिंत कुठं ऱ्हायली!" तो जरा थांबला. "आनि त्या भिंतीला माझं लोखंडी कपाट हाय की. पंधरा वर्सात हललं न्हाय."

आकारामनं त्याला सगळं सांगितलं. इंच, तारखा, पाच ठिपके. फक्रुद्दीन पडायच्या दहा दिवस आधीपासून ते सुरू होतं, हेही सांगितलं. आपली चेष्टा होईल असं त्याला वाटत होतं. फक्रुद्दीननं चेष्टा केली नाही. अंगावरचं पांघरूण त्यानं गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"मग माझ्या आधी कोन बसत हुतं खाली?" त्यानं विचारलं.

 तमन्ना औषधं घेऊन आली आणि विषय तिथंच राहिला.

आकाराम रोज सकाळी फोटो काढतच राहिला. आता पाच ठिपके नव्हते, पुन्हा एकच होता. तो वर चालला होता. पाच-पाच इंच नव्हे. कधी आठ, कधी दोन, कधी दोन दिवस जागचा हलायचा नाही. ज्या दिवशी फक्रुद्दीनला ताप आला त्या दिवशी एक इंच खाली उतरला आणि आकारामनं सकाळीच दवाखाना गाठला. भीती गेली नव्हती. कॅमेऱ्यामागं बसताना त्याची मान अजून ताठ व्हायची. पण तो ठिपका कालच्यापेक्षा वर दिसला की त्याला आनंद व्हायचा, हेही खरं. आपण कशाची वाट बघतोय हे कळत नसतानाही तो वाट बघत होता.

एका सकाळी तमन्नाचा फोन आला. अब्बांना वॉकर धरून उभं केलंय, चार पावलं टाकली. त्या दिवशीच्या फोटोत ठिपका मूळ जागेच्याही वर, डोक्याच्या उंचीला होता. दुसऱ्या दिवशी भिंत कोरी आली. त्यानं दहा फोटो काढले. दहाही कोरे.

७

फक्रुद्दीन घरी आला त्या दुपारी बाळाबाईनं पांढऱ्या रश्श्याचं जेवण केलं आणि त्याला आपल्याच पुढच्या खोलीत बसवलं. वॉकर खुर्चीला टेकवून तो भिंतीवरच्या तारखा वाचत होता. खाली उतरलेली रांग, मग चढत गेलेली. आकाराम समोर बसला होता.  दवाखान्यात तीन आठवडे त्यानं याचे पाय चेपले, पाणी पाजलं, केस विंचरले, पण गेजचं ते बोलला नाही. आजारी माणसाला कशाला, असं स्वतःला सांगत राहिला. आता तो आजारी नव्हता.

"फकरू, ते दोनशेचाळीस बुश," आकाराम म्हणाला. "बरोबर हुते. माझं गेज झिजलंतं. मला महिन्याभरानं कळलं आनि मी गप बसलो. तुझं काम गेलं आनि मी गप बसलो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बाळाबाईलाही हे माहीत नव्हतं.  फक्रुद्दीनचे हात मांडीवर होते, लेथवरच्या माणसाचे जाड, डागाळलेले हात.

"त्यातलं दोन बुश हाईत माझ्याकडं," तो म्हणाला. "येताना खिशात घातलंतं. दर ईदला काढून मापतोय. दर वर्साला बरोबर येत्यात."

"मग तू आला का न्हाईस भांडाय?"

"तू चूक म्हनालातास न्हवं? इतक्या वर्सात कधी चुकला न्हाईस." फक्रुद्दीननं डोळे पुसले. "मला वाटायचं, माझंच मापायचं व्हर्नियर चुकतंय. सहा वर्सात तीन नवीन आनली."

हे ऐकल्यावर आकारामला रडू आवरलं नाही. तो गुडघ्यांवर कोपरं टेकून, तोंड हातात धरून, भोकाड पसरून रडला. फक्रुद्दीननं त्याला रडू दिलं. पुष्कळ वेळानं त्यानं वॉकर ओढून घेतला, दोन्ही हातांनी पकडला आणि दात-ओठ आवळून उठला.

"हां, बास आता," तो म्हणाला. "उद्या कारखान्यात अमरसिंह मालकांकडं जायाचं. रिक्षानं. सगळी कामगार मंडळी आसत्याली तवा. ह्येच तितं बोलायचं, मोठ्यांदा."

"बोलतो. तू काय म्हननार?"

"मी कायबी म्हननार न्हाय," फक्रुद्दीन म्हणाला. "मी निस्ता हुबा ऱ्हानार."